चाकाखाली उटी

मोटरहोमच्या ओट्यावर, शेगडीच्या उजव्या हाताला, चार बारीक दिवे होते. पाण्याची टाकी भरलेली असली की चारही हिरवे. पाणी उतरेल तसा एकेक विझायचा आणि शेवटचा राहिला की तो लाल व्हायचा. २३ मार्च २०२०ला सकाळी बामणोलीत मी चहाचं आधण ठेवलं, तेव्हा तो लाल झालेला होता. गाडीत आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. चहा झाला, पण भांडी तशीच ठेवली. त्या दिवसापासून पुढचे दोन आठवडे मी आधी पाणी मोजायचे आणि मग कामाला लागायचे.

गाडी पुण्यात भाड्यानं घेतली होती. टेम्पो ट्रॅव्हलरचंच धूड, आतून घरासारखं केलेलं. मागे आडवा पलंग, वर एक माळा, दोन शेगड्या, छोटा फ्रिज, छपरावर सौर पट्ट्या, एकशेवीस लिटरची पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात एक माणूस जेमतेम मावेल एवढा संडास. सासूबाई तिला ‘खोपी’ म्हणायच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या तीन महिने आमच्याकडे पुण्यात होत्या. त्यांना पाडव्याला गावी, तासगाव तालुक्यात सोडायचं आणि जाता जाता सातारा जिल्हा निवांत बघायचा, असा बेत जानेवारीतच ठरला होता. १५ मार्चला निघायचं, २५ला पाडवा गावी, २७ला गाडी परत.

निघायलाच नको होतं, असं आज मला स्वच्छ वाटतं. पुण्यात ९ मार्चला करोनाचे पहिले रुग्ण सापडले होते. लेकीची शाळा बंद झाली होती, नवरा तंत्रनिकेतनात शिकवतो, तिथंही सुट्टीच. त्या वेळी आम्हाला वाटलं, आपलीच भांडी, आपलीच अंथरुणं, हॉटेलात पाऊल टाकायचं नाही, याहून सुरक्षित काय असणार? एक गोष्ट मात्र डोक्यात आली नाही. गाडीत घरातलं सगळं असतं, पण जमीन नसते. रात्री उभं राहायला जागा आणि टाकीला पाणी रोज कुणाकडून तरी मागून घ्यावं लागतं.

पहिले पाच दिवस छान गेले. मेणवलीचा घाट बघितला, धोमच्या पाण्याकाठी दोन रात्री काढल्या. कासच्या पठारावर मार्चमध्ये फुलं नसतात, नुसता तांबडा जांभा आणि वाळकं गवत, तरी लेक तिथं तासभर पळत होती. २० तारखेला आम्ही बामणोलीत उतरलो. कोयनेच्या शिवसागराचं पाणी त्या दिवसांत मागे सरकलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या काठावर चिखलाला चिरा पडलेल्या असतात. घरगुती जेवण देणाऱ्या एका काकांनी अंगणाशेजारी गाडी लावू दिली. चाकाला उटी, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून लावायचा ठोकळा, लावली, ओट्यावर पेल्यात पाणी ठेवून गाडी सपाट उभी आहे का ते बघितलं. गाडी जरा जरी कलली तरी फ्रिज कुरकुरायचा आणि सासूबाई रात्रभर पलंगाच्या एका बाजूला घसरायच्या.

२२ तारखेला रविवारी जनता कर्फ्यू होता. दिवसभर पाण्यावर एक होडी नाही. संध्याकाळी पाच वाजता काठावरच्या घरांतून थाळ्या वाजल्या आणि तो आवाज पाण्यावरून समोरच्या डोंगरापर्यंत जाऊन परत आला. लेकीनं आमच्या कुकरचं झाकण वाजवलं. सासूबाईंनी मात्र हात जोडले आणि दारातच बसून राहिल्या. त्यांच्या आजेसासूबाई प्लेगच्या साथीत गावाबाहेर झोपडीत राहिल्या होत्या, ती गोष्ट त्यांनी त्या रात्री लेकीला पहिल्यांदा सांगितली. मीही ती पहिल्यांदाच ऐकत होते.

रात्री मोबाईलवर बातम्या आल्या. रेल्वे बंद, एसटी बंद, जमावबंदी. सकाळी तो लाल दिवा लागला आणि मी बादली घेऊन काकांच्या नळावर गेले. ते नळापाशीच उभे होते. म्हणाले, “ताई, माझी दोन्ही पोरं काल रात्री मुंबईस्नं आल्यात. गावानं त्यांना अजून आत घेतलं नाही. पल्याड शाळंत झोपलीत. तुम्हांस्नी मी कसं ठेवू?” जावळीतली घरटी एक-दोन माणसं मुंबईच्या बाजारात माथाडी काम करतात. ती सगळी त्या दोन दिवसांत मिळेल त्या वाहनानं माघारी येत होती. काकांनी दोन बादल्या पाणी स्वतः भरून बांधावर ठेवलं आणि मागे सरले. ते हात जोडून बोलत होते, मलाच लाज वाटली. तासाभरात आम्ही निघालो.

यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात आलो तेव्हा दुकानांची दारं ओढलेली होती. गाडीची दोन कामं तातडीची होती. एक म्हणजे पाणी. दुसरं काम कुणाला सांगावं असं नाही, पण मोटरहोममध्ये राहायचं तर ते चुकत नाही. संडासाच्या खाली वीस लिटरचा डबा असतो, बाहेरच्या बाजूनं झडप उघडून तो ओढून काढायचा आणि नेऊन रिकामा करायचा. चार माणसांना तो दोन-अडीच दिवस पुरतो. आतापर्यंत आम्ही एसटी स्टँडवरच्या नाहीतर पंपावरच्या संडासात, तिथल्या माणसाला विचारून, पैसे देऊन, नंतर दोन बादल्या पाणी ओतून ते काम करत होतो. आता स्टँड ओस पडलं होतं. एका पंपावर डिझेल मिळालं, पण नवऱ्यानं संडासाचं विचारलं तेव्हा तिथल्या पोरानं आधी गाडीच्या नंबराकडं बघितलं. एमएच १२. “पुण्याची हाय न्हवं?” एवढंच म्हणाला आणि किल्ली खिशात टाकली. पाणीही नको म्हणाला.

मला राग आला नाही असं नाही. पण तो मुलगा विशीतला होता, तोंडाला रुमाल बांधलेला, आणि सकाळपासून शंभर अनोळखी माणसांच्या हातातल्या नोटा घेत होता. त्याला कुणी काय सांगितलं होतं? आम्हाला तरी काय माहीत होतं?

महामार्गावर कधी नव्हती अशी शांतता होती. उंब्रजच्या अलीकडे एका बंद ढाब्यासमोर ट्रक ओळीनं उभे होते. कुणी केरळचं, कुणी राजस्थानचं. दोघंजण चाकाच्या सावलीत स्टोव्हवर भात शिजवत होते. आम्हीही तिथंच थांबू म्हणून गाडी बाजूला घेतली, भाजी-भाकरी खाल्ली. तेवढ्यात पोलिसांची जीप आली. ट्रकवाल्यांना थांबू दिलं, आम्हाला म्हणाले, म्हातारं माणूस आणि लेकरू घेऊन रस्त्यावर राहू नका, घर गाठा. घर गाठायलाच निघालो होतो. पण संध्याकाळी कराडात शिरेपर्यंत मोबाईलवर आलं की राज्यात संचारबंदी लागली आणि जिल्ह्यांच्या हद्दी बंद केल्या. आमचं गाव पलीकडच्या जिल्ह्यात.

कराडातून तासगावच्या रस्त्याला लागलो. अंधार पडला होता. दोन्ही बाजूला ऊस. रात्री उसाच्या रस्त्यानं जाताना भिंतीमधून चालल्यासारखं वाटतं. एका वस्तीपाशी विहिरीजवळ रुंद जागा दिसली म्हणून थांबलो आणि दिवे लावून आतच बसलो, कारण न विचारता उतरायचं धाडस होईना. थोड्या वेळानं बॅटरी घेऊन एक शेतकरी आले. साठीचे असतील, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. नवऱ्यानं खिडकीतूनच सगळं खरं सांगितलं. पुण्याहून आलोय, आठ दिवस बाहेर आहोत, ताप-खोकला कुणाला नाही, म्हातारी आई आहे, पाणी संपलंय.

त्यांनी बॅटरीचा झोत गाडीवरून फिरवला. “गाव कंचं?” सासूबाईंनी मागून गावाचं नाव सांगितलं. मग कुठल्या भावकीतले, कुणाची लेक, माहेर कुठलं. दोन-तीन मिनिटांत कुठल्या तरी लग्नात दोघांची एक ओळख निघाली. ती खरी होती का, सासूबाई आजही खात्रीनं सांगू शकत नाहीत. ते म्हणाले, “आत्ता लाइट न्हाई. ह्या आठवड्यात आमच्याकडं रातची पाळी. बाराला लाइट आली की मोटर लावतो, मग घ्या भरून. गाडी हितंच राहू द्या.”

बारा वाजून दहा मिनिटांनी पंपाच्या पेटीत खटका पडल्याचा आवाज आला. विहिरीतून आधी हवा खोकल्यासारखी आली, मग पाणी. त्यांनी पाटात पडणारा पाइप उचलून आमच्या टाकीच्या तोंडाला लावला. तोंड केवढं, इंचभराचं, आणि पाइप तीन इंची. निम्मं पाणी आमच्या अंगावर. मग त्यांनीच कळशी आणि नरसाळं आणलं, ठेवून दहा पावलं मागे झाले आणि नवरा आणि मी मिळून कळशीनं टाकी भरली. मार्च असूनही विहिरीचं पाणी गार होतं. मी आत जाऊन बघितलं, तिसरा दिवा लागला, मग चौथा. बाहेर ते उसाला दारं धरत होते. सरीतून पाणी पुढे जाताना वाळक्या पाल्याचा जो आवाज येतो, तो ऐकत मी पायरीवर बसले आणि सकाळपासून पहिल्यांदा रडले.

डब्याचंही त्यांनीच सांगितलं. बांधाच्या कडेला, विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला खड्डा काढा आणि वर चांगली माती ओढा. नवऱ्यानं त्यांच्याच खोऱ्यानं कमरेएवढा खड्डा काढला. वास मारायला आणि मैला विरघळायला आम्ही जे निळं रसायन वापरत होतो, ते तिथून पुढे बंद केलं. दुसऱ्याच्या जमिनीत ते ओतायची हिंमत झाली नाही.

२४ला सकाळी आधी महामार्गानं प्रयत्न केला. मालखेडच्या पुढे जिल्ह्याची हद्द लागते, तिथं अडथळे लावलेले. आदल्याच दिवशी इस्लामपुरात चौघांना लागण झाल्याची बातमी आली होती आणि आमचा नेहमीचा रस्ता पेठ नाक्यावरून इस्लामपुरातूनच जातो. तिकडून सोडणार नाहीत, शेणोलीकडून बघा, असं तिथल्या हवालदारांनी सांगितलं. परत फिरलो. शेणोलीच्या बाजूला रस्त्यात आडवे बांबू, एक मंडप, दोन पोलीस आणि आरोग्य खात्याचा एक मुलगा. सासूबाईंच्या आधार कार्डावर गावचा पत्ता होता, आमच्या तिघांच्या कार्डांवर पुण्याचा. फोनवर फोन झाले. गावच्या पोलीसपाटलांशी बोलणं झालं. दीर बोलले. आरोग्याच्या मुलानं चौघांच्या कपाळासमोर थर्मामीटर धरलं, वहीत आकडे लिहिले. सगळं मिळून साडेतीन तास. ऊन वर आलं तशी गाडी आतून तापत गेली आणि सासूबाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसल्या. शेवटी तिथले फौजदार म्हणाले, “आत सोडतो. पण घरात जायचं नाही, चौदा दिवस वेगळं राहायचं, आणि आता बाहेर पडता येणार नाही. मान्य आहे?” नवऱ्यानं सही केली.

ताकारी, पलूस, तासगाव. रस्त्यावरच्या प्रत्येक गावाची वेस बाभळीच्या फांद्यांनी नाहीतर बैलगाडी आडवी लावून बंद केलेली. आमच्या गावचीही. सासूबाई लग्न होऊन त्या वेशीतून आत आल्या, त्याला पंचावन्न वर्षं झाली होती. फांद्यांच्या पलीकडे सरपंच, पोलीसपाटील, गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आणि माझे दीर उभे. पांढरी मोठी गाडी बघून गावात आधीच बोभाटा झाला होता की पुण्याहून रुग्ण घेऊन गाडी आली. कुणीतरी माडीवरून मोबाईलमध्ये चित्रण करत होतं. दिरांनी आधीच बोलून ठेवलं होतं: शाळेत राहायचं नाहीतर मळ्यात. आम्ही मळा म्हणालो. वेशीबाहेरून कच्च्या वाटेनं गाडी मळ्यात नेली, चिंचेखाली उटी लावली. रात्री आठला नवऱ्याच्या मोबाईलवर पंतप्रधानांचं भाषण ऐकलं. एकवीस दिवस.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सासूबाई पहाटेच उठून बसल्या होत्या. द्राक्षाच्या मांडवाचा एक जास्तीचा बांबू बांधाला पडलेला होता, तो नवऱ्यानं धुऊन आणला. कडुलिंब बांधावरच होता. साडी सासूबाईंच्या पिशवीतली, ऑपरेशननंतर नेसायची म्हणून ठेवलेली नवी. तांब्या मात्र नव्हता, आमच्याकडं सगळं स्टीलचं आणि प्लास्टिकचं. जाऊबाईंनी देव्हाऱ्यातला तांब्या आणि साखरेची गाठी आणून शंभर पावलांवर ठेवली. त्या लांब गेल्या, मग मी जाऊन उचललं. गाडीच्या छपरावर सामान बांधायच्या कठड्याला गुढी बांधली. जाऊबाई तिथूनच हात जोडून उभ्या होत्या. पंधरा वर्षांत आम्ही दोघी कधी पाडव्याला अशा लांब उभ्या राहिलो नव्हतो.

मग चौदा दिवसांचं राहणं सुरू झालं. वाचताना मजेचं वाटेल, पण मार्चअखेरीला तासगावच्या बाजूला दुपारी पत्र्याच्या गाडीत बसणं फार कठीण असतं. सावलीत गाडी लावली की सौर पट्ट्यांना ऊन मिळत नाही, बॅटरी उतरते, फ्रिज आणि पंखा बंद. उन्हात लावली तर वीज भरपूर, पण आत उभं राहवत नाही. आणि सासूबाईंच्या डोळ्यात घालायचे थेंब थंडच ठेवावे लागायचे. चार दिवस हे जमेना. मग एक रीत बसली. सकाळी सात ते अकरा गाडी उघड्यावर, तेवढ्यात बॅटरी भरून घ्यायची. अकराला गाडी चिंचेखाली. सगळ्यांनी गाडीबाहेर, सतरंजीवर. दुपारी फ्रिज बंद, थेंबांची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी. संध्याकाळी पाचला पुन्हा फ्रिज चालू. दरवेळी उटी काढायची, लावायची, पेल्यातलं पाणी बघायचं. लेकीनं ते काम स्वतःकडं घेतलं.

आशाताई रोज सकाळी साडेआठला बांधावर यायच्या. गावात बाहेरून आलेली जेवढी माणसं, तेवढ्या सगळ्यांकडं त्यांना जायचं होतं. तोंडाला स्वतः शिवलेला सुती मास्क, हातात वही. ताप? खोकला? धाप? चौघांचं नाव घेऊन चार वेळा विचारायच्या. पाचव्या की सहाव्या दिवशी मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, “घरी लहान लेकरू हाय. हितनं गेले की गोठ्यात अंघोळ करते आन् मग घरात जाते.” मी काय बोलणार? दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या आधी मी चौघांचा ताप मोजून कागदावर लिहून ठेवायला लागले, म्हणजे त्यांचा तेवढा वेळ वाचेल.

मळ्यात सगळ्यात मोठं दुःख आमचं नव्हतंच. दिरांची द्राक्षं तोडणीला आली होती. पाडव्याच्या आधी एका व्यापाऱ्यानं सौदा केला होता, त्याचा फोन लागेना. लागला तेव्हा म्हणाला, गाड्याच नाहीत, माल कुठं नेऊ? तोडणीचं मजूर गावाबाहेरचं, ते येऊ शकत नव्हतं. पिकलेला घड वेलीवर थांबत नाही. गोडी वाढत जाते, मणी मऊ पडतो, मग मधमाश्या येतात. त्या वर्षी आमच्या भागात कितीतरी जणांनी खायचा माल बेदाण्याला टाकला. दिरांनी तेच ठरवलं, पण घरची माणसं तीन आणि बाग दीड एकर.

आशाताईंना विचारून, पोलीसपाटलांच्या कानावर घालून, आमची वाटणी ठरली. बागेच्या पूर्वेकडच्या ओळी आमच्या. आम्ही चौघांनी पहाटे पाच ते नऊ तोडायचं, क्रेट बांधाला रचून ठेवायचे, त्यांना कुणी हात लावायचा नाही. दिरांनी दुसऱ्या दिवशी उचलायचे आणि लगेच द्रावणात बुडवायचे. तसंही बेदाण्याला द्राक्ष नुसतं वाळवत नाहीत. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, त्यात घड दोन-चार मिनिटं बुडवून काढले की सालीवरची मेणचट लव सुटते आणि पाणी बाहेर पडायला वाट होते. मग शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे. बारा ते पंधरा दिवसांत वाळतात. चार किलो द्राक्षाचा जेमतेम किलोभर बेदाणा.

मी पुण्यात राहून द्राक्षं विकत घेणारी. घड कात्रीनं देठाशी कापून, मण्यांना बोट न लावता, देठ धरून क्रेटमध्ये कसा ठेवायचा हे सासूबाईंनी मला त्या पहाटे शिकवलं. मण्यांवरची पांढुरकी लव पुसली की बोटांचे ठसे उमटतात. त्यांच्या डोळ्याला ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांचं सांगणं होतं, म्हणून त्या क्रेटवर बसून नुसत्या हातानं घड चाचपायच्या आणि हा घ्या, हा राहू द्या, असं सांगायच्या. त्यांचा अंदाज एकदाही चुकला नाही. नवऱ्यानं लहानपणी ही कामं केली होती आणि नोकरीनंतर सोडली होती. पहिल्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले. आठव्या दिवशी तो गाणं म्हणत कापत होता.

गाडीच्या मालकांशी माझं रोज बोलणं व्हायचं. २७ तारीख गेली तेव्हा सुरुवातीला ते रोजचं पूर्ण भाडं मागत होते. नंतर त्यांच्याच बाकीच्या गाड्या उभ्या राहिल्या, हप्ते थकायला लागले, त्यांचाही आवाज बदलला. शेवटी ठरलं की उभ्या गाडीचं भाडं नाही, बॅटरी आणि टायर सांभाळायचे, जाग्यावर नेऊन द्यायची. लेखी काही नव्हतं. दोन्ही बाजूंनी पाळलं गेलं.

५ एप्रिलला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद झाले, तेव्हा आम्ही मांडवाच्या कडेला उभे होतो. गावातल्या पणत्या शेतातून ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. त्यात आपलं घर कुठलं ते सासूबाई बोट दाखवून लेकीला सांगत होत्या. नव्या डोळ्यानं त्यांना ते दिसत होतं.

७ एप्रिलला आशाताईंनी वहीत शेवटची खूण केली आणि बांध ओलांडून पहिल्यांदा जवळ आल्या, तरी चार हातांवर थांबल्या. “झालं बघा तुमचं.” दुपारी जाऊबाईंनी चुलीवर हंडाभर पाणी तापवलं. सासूबाई घराच्या पायरीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, उंबऱ्याला हात लावला आणि आत गेल्या. त्या रात्री घरात झोपायला मिळणार होतं, पण लेकीला गाडीतच झोपायचं होतं. मग आम्ही तिघं एक रात्र मळ्यातच राहिलो.

गाडी पुण्याला न्यायला ई-पास, म्हणजे जिल्ह्याबाहेर जायचा परवाना, मिळाला तो मे महिन्यात. तोवर चाकांखालचं गवत पिवळं पडलं होतं. नवरा आणि मी दोघंच निघालो, लेक आजीजवळ राहिली. सासूबाईंनी निघताना दोन किलो बेदाणा पिशवीत बांधून दिला, आमच्या पूर्वेकडच्या ओळींतला. कुणाला द्यायचा हे सांगावं लागलं नाही.

कराडच्या अलीकडची ती वस्ती दिवसाउजेडी ओळखू येईना. ऊस डोक्याच्या वर गेला होता. विहीर दिसली तेव्हा थांबलो. ते पलीकडच्या सरीत दारं धरत होते. मी पिशवी पंपाच्या खोलीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मागे सरले. त्यांनी गाडी ओळखली, खोरं खांद्यावर टाकून बांधावर आले. मास्क नव्हता, टॉवेलच नाकावर धरला.

“म्हातारी?” त्यांनी लांबूनच विचारलं.

“घरात आहेत,” मी म्हणाले. “बऱ्या आहेत.”

त्यांनी मान हलवली. मग पाइपाकडं बघून म्हणाले, “लाइट हाय आत्ता. टाकी भरायची का?”

पुण्यात गाडी द्यायची तर टाकी रिकामी करूनच द्यायची होती. नवरा खाली उतरला, मागच्या चाकाला उटी लावली आणि कळशी हातात घेतली.